दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं

पावसाळा सरला की मी सगळ्या रेकॉर्डी कपाटातून खाली काढतो. पुण्याच्या हवेतसुद्धा चार महिन्यांत आतल्या पाकिटांना दमट वास लागतो, कव्हरच्या कडांना कसर लागते आणि काळ्या तबकडीवर बुरशीचे पांढरट ठिपके उमटतात. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश घेऊन खाचांच्या दिशेने पुसायचं, भांड्यांच्या जाळीत उभी करून वाळवायची आणि परत ठेवण्याआधी दोन्ही बाजू वाजवायच्या, असा नेम आहे. यंदा ‘न्यू वेव्ह’च्या कप्प्यालाच आठ दिवस गेले. चाळीसेक रेकॉर्डी, जवळजवळ सगळ्या १९७७ ते १९८३ मधल्या. काही बोटीवर नोकरीला असलेल्या मामेभावाने सुटीवर येताना आणलेल्या, उरलेल्या जुन्या बाजारात उकिडवं बसून निवडलेल्या.

‘न्यू वेव्ह’ हे नाव बऱ्याच अंशी विक्रीच्या सोयीनं रुळलं. न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावर हिली क्रिस्टल यांनी १९७३च्या अखेरीस सीबीजीबी नावाचा अड्डा सुरू केला. रामोन्स, टेलिव्हिजन, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स तिथेच वाजवायला लागले. पण ‘पंक’ हा शब्द ऐकला की रेडिओवाले रेकॉर्ड बाजूला सारत. म्हणून सायर रेकॉर्ड्सच्या सीमोर स्टाइन यांनी ‘न्यू वेव्ह’ या शब्दाचा धोशा लावला. शब्द फ्रेंच सिनेमाकडून आलेला होता, सभ्य होता, चालून गेला. त्यामुळे या कप्प्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या मंडळींचा एकमेकांशी सुराचा संबंध फारसा नाही. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांत सारखी आहे. यांतले अनेक चित्रकलेच्या शाळांतून आलेले होते, आणि तबकडी ही हातात धरायची वस्तू आहे, तिला दोन बाजू आहेत, कडा आहे, कव्हर आहे, हे त्यांच्या कामात पदोपदी दिसतं.

एल्व्हिस कॉस्टेलोची ‘धिस इयर्स मॉडेल’ (१९७८) मी जुन्या बाजारात घेतली, तेव्हा विक्रेत्याने आपणहून पाच रुपये कमी केले. कव्हरची छपाई सरकलेली होती. डावीकडे नावाची पहिली अक्षरं कापली गेलेली आणि उजव्या कडेला छापखान्यातले रंग जुळवायचे चौकोन दिसत होते. ती चूक नव्हती. बार्नी बबल्स या चित्रकाराने इंग्लंडमधल्या आवृत्तीसाठी मुद्दाम तसं करून घेतलं होतं. पहिल्या काही प्रतींमध्ये तर शेवटच्या खाचेजवळच्या कोऱ्या पट्टीवर, अमुक नंबरवर फोन करा, तुम्हाला खास बक्षीस आहे, असा मजकूर कोरलेला होता. तबकडी उजेडात तिरकी धरली तरच तो दिसायचा. फोनवर गाणी ऐकणाऱ्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना ती करामत वाटते. मला ती श्रोत्यावरची माया वाटते. कुणीतरी आपली तबकडी इतक्या जवळून बघेल, यावर त्या माणसांचा विश्वास होता.

टेलिव्हिजनची ‘मार्की मून’ १९७७ची. तिच्या नावाचं गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी येतं, म्हणजे पिन आत सरकून लेबलाजवळ पोचल्यावर. तिथे फेरा लहान होतो, तेवढ्याच वेळात पिनेला कमी लांबीची खाच मिळते आणि वरचे सूर किंचित खरखरतात. नेमकी तिथेच टॉम व्हर्लेन यांची गिटार पायरी पायरीने वर चढत जाते. आपल्याकडे ज्याला बढत म्हणतात, तिच्या फार जवळ जाणारी ही चढण आहे. घाई कुठेच नाही, प्रत्येक सुरावर पाय टेकून मग पुढचा. रिचर्ड लॉइड यांची दुसरी गिटार तिला वाट मोकळी करून देते. शिखरावर पोचल्यावर सगळं विरघळतं आणि सुरुवातीची ठोक्यांची लय पुन्हा उगवते. जुन्या एलपीवर दहा मिनिटं भरत आली की आवाज हळूहळू मिटत जातो. पुढे सीडीवर या गाण्याचा खरा शेवट, पाऊण मिनिट जास्तीचा, ऐकायला मिळाला. तो चांगलाच आहे. पण चाळीस वर्षं ते गाणं माझ्यासाठी न संपता दूर जात राहिलेलं आहे, आणि मला ते तसंच हवं आहे.

पोलीस या त्रिकुटाबद्दल थोडक्यात. मार्च १९८० मध्ये टाइम अँड टॅलेंट्स क्लबने त्यांना मुंबईत आणलं होतं. त्यांची ‘रेगाटा द ब्लांक’ (१९७९) आजही खणखणीत वाजते, ती मुख्यतः स्ट्यूअर्ट कोपलंड यांच्या ड्रम्समुळे. १९८२-८३च्या कितीतरी रेकॉर्डी मात्र या वेळी मला पुरी बाजू ऐकवल्या नाहीत. सिंथेसायझर नवा होता, तेव्हा त्या यंत्राचा आवाज म्हणजेच गाणं वाटायचं. आता यंत्र जुनं झालं, आणि त्याखाली चाल फारशी नव्हती हे उघडं पडलं. त्या पुसल्या आणि ठेवून दिल्या.

आठ दिवसांतले तीन ‘रिमेन इन लाइट’ने घेतले. टॉकिंग हेड्सची ही चौथी रेकॉर्ड, ऑक्टोबर १९८०ची. पुढच्या बाजूला चौघांचे चेहरे संगणकाने लाल रंगात झाकलेले, समूहाच्या नावातली ‘ए’ ही अक्षरं उलटी. मागे हिमालयावरून उडणारी लाल लढाऊ विमानं. आधी विमानंच पुढे छापायची होती, मग अदलाबदल झाली. आतलं काम बहामाजमधल्या नॅसाऊच्या कम्पास पॉइंट स्टुडिओत झालं, निर्माता ब्रायन ईनो. सगळ्यांच्या कानात त्या वेळी फेला कुटीच्या नायजेरियन रेकॉर्डी घुमत होत्या. गाणं लिहायचं आणि मग साथ बसवायची, ही रीत त्यांनी उलटी केली. आधी एकाच स्वरसंगतीवर लहान लहान आवर्तनं वाजवून ठेवली, एकावर एक थर चढवले आणि मिक्सिंगच्या टेबलावर कुठला थर कधी उघडायचा, कधी मिटायचा हे ठरवत गाण्याला आकार दिला. डेव्हिड बर्न यांचे शब्द सर्वांत शेवटी आले. स्वरसंगती बदलत नाही, म्हणून पाश्चात्त्य कानांना ही रेकॉर्ड विचित्र वाटली असेल. तंबोऱ्यासमोर बसायची सवय असलेल्याला त्यात अडखळण्यासारखं काहीच नाही.

दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं ‘हाउसेस इन मोशन’. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला मी ते वाजवत होतो आणि माझी आत्या शेजारच्या खोलीत भाजी निवडत होती. हिराबाई बडोदेकरांचं गाणं समोर बसून ऐकलेली बाई. माझ्या रेकॉर्डी तिला आवडत नसत. “आवाज कमी कर,” हे तिचं ठरलेलं. त्या दिवशीही ते म्हणायलाच ती दारात आली असावी. तेवढ्यात त्या गाण्यात ट्रम्पेट सुरू झाला. त्यात पितळेची धार नाही. घशातून निघाल्यासारखा, वाऱ्याने भरलेला आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, मींडेने जातो. आत्या तशीच उभी राहिली. ओल्या हातात मेथीची जुडी. मग म्हणाली, “हा कुणापाशी शिकलाय रे? परत लाव.” मी पिन उचलून मागे ठेवली. तिने तेवढाच तुकडा ऐकला आणि आत गेली.

कुणापाशी, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. कव्हरवर नाव होतं, जॉन हॅसेल. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांची हकिकत वाचनात आली. जर्मनीत कोलोनला ते श्टॉकहाउझेन यांच्याकडे शिकले, टेरी रायली यांच्या ‘इन सी’च्या १९६८च्या ध्वनिमुद्रणात त्यांनी वाजवलं, आणि मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पंडित प्राणनाथ यांच्या पायाशी बसले. प्राणनाथांनी गळ्यातून शिकवलेली मींड आणि स्वर लावण्याची पद्धत ट्रम्पेटवर कशी उतरेल, याचाच ध्यास हॅसेल यांनी पुढे घेतला. फुंकर बदलली, ओठांची पकड बदलली, आवाजावर इलेक्ट्रॉनिक संस्कार केले. आणि प्राणनाथ कुणाचे शिष्य? किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे. हिराबाईंनाही तालीम होती ती वहीद खाँसाहेबांचीच. म्हणजे आत्याच्या हिराबाई आणि या गोऱ्या ट्रम्पेटवाल्याचे गुरू ही एकाच उस्तादांची शिष्यमंडळी.

हे मला कळलं तोवर आत्या गेली होती.

या आठवड्यात मी दोन्ही तबकड्या पाठोपाठ लावल्या. आधी हिराबाईंची, मग ‘रिमेन इन लाइट’ची दुसरी बाजू. ओढूनताणून सारखेपणा काढायचा नाही, असं मनाशी ठरवूनच बसलो होतो. त्या ट्रम्पेटमध्ये राग नाही, बंदिश नाही, ताल तर आफ्रिकेच्या वाटेने आलेला. हिराबाईंचा स्वर स्वच्छ, गोल, उजेडासारखा, आणि हॅसेल यांचा धुरकट. तरीही नेमक्या सुरावर पोचण्याआधी दोघंही जे एक निमिष रेंगाळतात, त्याच्याभोवती वाट काढत येतात, ती ओढ एकाच घरातली आहे. माझ्या आत्याने ती चार-पाच सेकंदांत ओळखली होती, कुठलंही कव्हर न वाचता. सदतीस-अडतीस वर्षं ही रेकॉर्ड मी ‘न्यू वेव्ह’च्या कप्प्यात ठेवत आलो. वर्णानुक्रमाने लावायची म्हणून तिथेच राहील. पण त्या नावातलं ‘न्यू’ मला आता पटत नाही.

बाजूचं शेवटचं गाणं ‘दि ओव्हरलोड’. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनसारखं काहीतरी करावं म्हणून ते बसवलं, तेही त्यांची रेकॉर्ड न ऐकता, नुसती परीक्षणं वाचून, असं सांगितलं जातं. सहा मिनिटं एकच गडद घुमणारा आवाज. तो संपला तेव्हा बाहेर अंधारलं होतं. पिन शेवटच्या खाचेत फिरत राहिली. मी उठलो, हात वर केला आणि मागे, दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवला.