आडनांवांतील चाकरी

विद्यार्थ्यांस त्यांच्या आडनांवाचा अर्थ विचारिला, कीं पुष्कळजण खालीं पाहतात. पूर्वजांचा धंदा हलका ठरेल अशी त्यांस धास्ती वाटते. ज्यांचें आडनांव एखाद्या हुद्द्याचें असतें, त्यांची मान मात्र उगाच ताठ होते. माझ्या मतें दोघांचीही चूक होते, व ती कशी हें दाखविण्याकरितां स्कॉटलंडांतील 'ड्यूअर' या आडनांवाची हकीकत येथें सांगतों.

शास्त्राच्या वर्गांतील मुलांस हें नांव परिचित असेल. इ. स. १८९२ त सर जेम्स ड्यूअर यांनीं निर्वात भांडें तयार केलें. घरोघरचा थर्मास तो त्याचाच वंशज. पण नांव त्याहून फार जुनें आहे. गेलिक भाषेंतील ज्या शब्दावरून तें आलें, त्याचा अर्थ परका, यात्रेकरू. एखाद्या साधुपुरुषाची घंटा किंवा दंड घेऊन गांवोगांव फिरणारा तो ड्यूअर. पुढें हा परकाच त्या वस्तूचा वंशपरंपरेचा राखणदार झाला. (एका गांवाच्या नांवावरून पडलेले ड्यूअरही आहेत, त्यांची गोष्ट निराळी.)

पर्थशायरांतील ग्लेनडोकार्ट खोऱ्यांत संत फिलन यांचा दंड अशाच एका घराण्याकडे असे. १४२८ सालीं त्या घराण्याच्या हक्कांची रीतसर चौकशी झाली. खोऱ्यांतील लोकांनीं जमिनीच्या मानानें ड्यूअरास पीठ द्यावें, असें तींत नमूद आहे. पण तेवढेंच नाहीं. कोणाचीं गुरें चोरीस गेलीं आणि पाठलाग करण्याची त्यास छाती झाली नाहीं, तर त्यानें ड्यूअराकडे चार पेनी अथवा पायतणाचा एक जोडा आणि पहिल्या रात्रीचें अन्न पाठवावें. मग ड्यूअरानें साऱ्या स्कॉटलंडभर त्या गुरांचा माग काढावा!

हें पायतण मला फार बोलकें वाटतें. पीठ हक्काचें खरें, पण त्याच्यामागें डोंगर तुडविण्याची बोली होती. एक रात्र दुसऱ्याच्या अन्नावर, पुढच्या रात्री आपल्या हिमतीवर. आडनांव सांगणाऱ्या किती घरांत पीठ तेवढें आठवतें आणि पायतण विसरलें जातें !

१४८७ त राजा तिसरा जेम्स यानें दंड जवळ बाळगण्याचा त्यांचा अधिकार मान्य केला. १५६० त तेथें धर्मसुधारणा झाली व अशा वस्तूंचा मान गेला. त्यांच्या पूजेचा मीही भोक्ता नाहीं. तरी त्या घराण्यानें दंड टाकिला नाहीं. १७८२ त एका प्रवाशानें तो किलिन गांवीं पाहिला, तेव्हां त्याचा मालक रोजानें मजुरी करीत होता. रुप्यानें मढविलेली वस्तु घरांत, आणि धनी मजूर ! विकण्याचा मोह किती वेळां झाला असेल ? १८१८ त कुटुंब कॅनडास गेलें, तेव्हां दंडही समुद्रापलीकडे गेला. अखेर १८७६ त स्कॉटिश राष्ट्राच्या उपयोगाकरितां तो एडिंबरोच्या पुराणवस्तु-संशोधक मंडळाच्या हवालीं करण्यांत आला. आतां तो तेथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.