तुळशीपाशीं आलेला थंड उजेड

आमच्या मंगळवेढ्याकडे पाऊस बेताचाच. पण जो येतो तो पुष्कळदां परतीचा, आणि तोहि नको त्या वेळीं. दोन वर्षांपूर्वीं तुळशीच्या लग्नाच्या सायंकाळीं अशीच एक सर येऊन गेली होती. वृंदावनाभोंवतीं मुलांनीं विजेच्या दिव्यांची माळ गुंडाळली होती. धाकटी सून ओल्या फरशीवर उभी राहून पाणी घालूं लागली, तोंच हातांतली कळशी टाकून किंचाळली. माळेच्या तारेवरचें आवरण एके ठिकाणीं उन्हानें तडकलें होतें. पुतण्यानें धांवत जाऊन बटण बंद केलें म्हणून निभावलें. त्याच रात्रीं थोरल्या वहिनींनीं निक्षून सांगितलें, "भावोजी, ह्या चौकांत पुन्हां वीज यावयाची नाहीं."

वहिनींचा शब्द आमच्या घरांत कोणी मोडीत नाहीं. पण चौकांतून विहिरीकडे उतरणाऱ्या चार पायऱ्या आहेत, दादांच्या एका डोळ्यांत मोतीबिंदु आहे, आणि पहांटे अंधारांतच विहिरीवर जाण्याची त्यांची जन्माची संवय आहे. गेल्या श्रावणांत त्यांचा पाय दुसऱ्या पायरीवरून घसरला. हाड मोडलें नाहीं, एवढेंच.

तेव्हां पुण्यास असणाऱ्या भाच्यानें प्रकाशतंतूंची गोष्ट काढली. वीज घरांत कोरड्या जागीं राहते आणि बाहेर येतो तो नुसता उजेड, हें तिचें मर्म. एका पेटींत दिवा असतो. त्याच्यासमोर बारीक, पारदर्शक तंतूंची जुडी बसविलेली असते. तंतु कांचेचे किंवा ॲक्रिलिकचे. प्रत्येकावर निराळ्या पारदर्शक द्रव्याचा पातळ लेप असतो. टोंकांतून आंत शिरलेला किरण कडेवर तिरपा आपटतो, तेथून बाहेर न पडतां आंतच परततो, आणि असें करीत दुसऱ्या टोंकाशीं पोंचतो. शाळेंत ज्याला आम्ही पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून शिकवीत असूं, तेंच हें.

मुलांना तें फळ्यावर पटेना, म्हणून न्हाणीघरांत अंधार करून दाखविलें. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोंक पाडलें, पाणी भरलें, आणि भोंकाच्या समोरच्या बाजूनें विजेरी धरली. पाण्याची धार वांकली तसा उजेडहि वांकला आणि नातीच्या तळहातावर येऊन पडला! वाचकांनीं घरीं अवश्य करून पाहावें. मात्र विजेरी घटाची असावी, भिंतींतल्या विजेची नको. हाच प्रयोग जिनीव्हा येथें कोलाडन ह्यांनीं 1841 सालीं केला, आणि लंडनमध्यें टिंडल ह्यांनीं 1854 त. पुढें बरोबर शंभर वर्षांनीं, 1954 सालीं, पंजाबांत मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी ह्यांनीं हॉपकिन्स ह्या आपल्या गुरूंसह तंतूंच्या जुडींतून चित्र पलीकडे नेऊन दाखविलें. ह्या शास्त्राचें इंग्रजी नांवहि कपानींनींच रूढ केलें. ते 2020 सालीं वारले. पद्मविभूषण जाहीर झालें तें त्यानंतर, 2021 त. आपल्याकडे अशी ओळख बहुधा उशिरांच पटते.

आमची पेटी माजघराच्या कोनाड्यांत बसविली. तंतूंची जुडी उंदरांच्या भयानें नळींतून नेली आणि प्रत्येक पायरीच्या कडेशीं चार-चार टोंकें काढलीं. ह्या उजेडांत पोथी वाचतां येणार नाहीं. लांबीबरोबर तो क्षीण होतो. तंतु एकदम दुमडला तर तेथेंच निसटतो. टोंक धारदार पात्यानें सरळ कापलें नाहीं तर मंद पडतो. घरची वीज गेली कीं तोहि जातो. खर्च माळेच्या मानानें बराच अधिक. शिवाय बाजारांत प्लास्टिकच्या नळींत बारीक विजेचे दिवे ओंवून तेंच "फायबर" म्हणून गळ्यांत मारतात. आम्हांलाहि एकानें प्रथम तेंच दिलें होतें. दोरींत कोठेंहि तांब्याची तार दिसली तर ती परत करावी.

वहिनींनीं पायरीजवळ बसून उजळलेल्या टोंकाला बोट लावलें. "हें तर ऊनसुद्धां लागत नाहीं!" नैयायिकांनीं तेजाचें लक्षणच उष्ण स्पर्श असें सांगितलें आहे, आणि चांदणें थंड कां, ह्या शंकेला चंद्रांतल्या जलानें उष्णता झांकली जाते असें उत्तर दिलें आहे. मीं तें वहिनींना सांगूं लागलों. येथें उष्णता दिव्याबरोबर पेटींतच राहते, हें सांगण्यापूर्वींच त्या उठल्या.

पायऱ्यांना त्यांची संमति मिळाली. वृंदावनाला मात्र नाहीं; तेथें तेलाची पणती आहे, आणि ती त्याच लावतात. दादा आतां पहांटे कठड्याला हात न लावतां उतरतात. वहिनी त्या वेळीं माजघराच्या दारांत उभ्या असतात, तें त्यांना ठाऊक नाहीं.