साखरेच्या गावातून

दिवाळीच्या मागेपुढे सोनईत मुळा कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि गव्हाणीत मोळी पडते. इथली लग्नं, शाळेच्या फिया, घरावरचे स्लॅब, सगळं उसाच्या पेमेंटवर. अशा गावातून निघणाऱ्या अंकाच्या पहिल्याच पानावर साखर कमी करा म्हणणं धाडसाचंच. तरी म्हणतो, कारण प्रश्न पोरांच्या यकृताचा आहे.

फॅटी लिव्हर म्हटलं की आपल्याला दारू आठवते. पण दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या यकृतातही चरबी साचते. दुखत नाही, खुपत नाही. पोट सुटतं, कधी मानेची कातडी काळी, जाडसर होते आणि आई मळ समजून ती घासत बसते. ती घासू नका, डॉक्टरांना दाखवा.

साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर, आणि जास्तीचं तिथंच चरबी होऊन बसतं. 2019 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. फॅटी लिव्हर असलेले 11 ते 16 वर्षांचे 40 मुलगे. निम्म्यांच्या जेवणातून वरची साखर आठ आठवडे जवळजवळ काढून टाकली. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी 25 टक्क्यांवरून 17वर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची 21वरून जेमतेम 20वर. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की जेवण एकट्या मुलाचं नव्हे, अख्ख्या घराचं बदललं होतं. आपण मात्र जाड पोराच्या ताटातली करंजी उचलतो आणि धाकट्यापुढे दोन ठेवतो.

‘गुळाचं चालतं ना?’ नाही, गुळातही बहुतांश साखरच. ऊस दातांनी सोलून खाणारा पोरगा दोन कांड्यांत थकतो, रसाचे दोन ग्लास मात्र सहज रिचवतो. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, ताक, पेरू हे तर घरचंच आहे. वाढत्या वयात उपाशी ठेवणं मात्र नको. उंची वाढताना वजन आहे तिथं थांबलं, तरी पुष्कळांना पुरतं. संध्याकाळी तासभर मैदानावर पळू द्या.

फराळ खुशाल करा. चार दिवसांच्या अनारशांपेक्षा वर्षभर रोज दुकानातून येणारी कोल्ड्रिंकची बाटली आणि चहाबरोबरचा बिस्किटपुडा आधी बंद करा, थोरल्यांचासुद्धा.