सालनावर लिंबू, चहा तासाभराने

मागच्या अंकात आम्ही बाजरीवर लिहिले, तेव्हा अनेक भगिनींकडून जवळपास एकच प्रश्न आला. घरात बाजरी आहे, डाळी आहेत, आठवड्यातून एकदा गोश्तही शिजते. मग तपासणीत मुलीचे हिमोग्लोबिन नऊच का निघते? प्रश्न रास्त आहे. आमच्या देवळाली प्रवरेत कालव्याचे पाणी आहे, भाजीबाजार भरलेला असतो, पोटभर जेवण बहुतेक घरांत आहे. तरी वर्गात डोळ्यांखाली पिवळट दिसणाऱ्या, दोन जिने चढून धापा टाकणाऱ्या मुली आम्ही रोज पाहतो.

हे केवळ आमच्या गावाचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याआधीच्या फेरीत हा आकडा 48 होता. म्हणजे मधल्या काळात घरोघरी गॅस आला, फ्रिज आला, आणि रक्त मात्र कमी झाले.

ताटात लोह किती आहे, हे पुस्तकात सापडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम बाजरीत साधारण 6.4 मिलिग्रॅम लोह दिले आहे. ज्वारी आणि गहू चारच्या आसपास, तांदूळ एकाच्याही आत. दोन भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ खाल्ली तर दहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह पोटात जाते. प्रौढ स्त्रीची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 29 मिलिग्रॅम सांगितली आहे, पुरुषाची 19. स्त्रीचा आकडा एवढा मोठा, कारण दर महिन्याला तिचे रक्त जाते. आणि हा आकडा धरतानाच तज्ज्ञांनी मानले आहे की आपल्या जेवणातले लोह शंभरात जेमतेम आठ भाग अंगाला लागते. बाकीचे आले तसे जाते. हे आठ भाग बारा करायचे की चार, हे ठरते त्याच जेवणात भाकरीशेजारी काय ठेवले यावर.

लोह दोन जातींचे असते. गोश्त, कलेजी, मासे यांतले बरेचसे लोह शरीर सहज उचलते. धान्य, कडधान्य आणि पालेभाज्यांतले लोह हट्टी असते. त्याला सोबत लागते. आंबट रस, म्हणजे मुख्यतः क जीवनसत्त्व, त्याची चांगली सोबत करतो. चहा-कॉफीतला तुरटपणा त्याला बांधून टाकतो. धान्याच्या कोंड्यातले फायटेटही बांधते, पण भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी ते कमी होते. मोडाची उसळ करण्याची जुनी रीत म्हणून शहाणपणाची आहे, फक्त चवीची नाही.

आता चहाबद्दल. आमच्याकडे सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि चपाती, चहा आणि पाव, चहा आणि खारी. शाळेत आम्ही दर सोमवारी निळी गोळी देतो; 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची ही साप्ताहिक गोळी दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारकडून येते. एकदा आम्ही वर्गात विचारले, सकाळी काय खाऊन आलात? चाळीसपैकी एकतीस मुलींचे उत्तर चहा-चपाती. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, चाय के बगैर रोटी गले के नीचे नै उतरती." सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो, कारण आमच्याही घरात तेच आहे.

चहा सोडा असे आम्ही सांगणार नाही. सांगून कोणी सोडतही नाही. त्याची वेळ बदला, एवढेच. जेवणासोबत घेतलेला चहा त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. हे नवे नाही. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी 1975 सालीच भात आणि पाव यांवर चहाचा हा परिणाम मोजून दाखवला होता. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवले की बरेचसे नुकसान टळते. सकाळी चपातीला शेंगदाण्याची चटणी लावून द्या, सोबत टोमॅटोची फोड किंवा अर्धा पेरू. चहा घ्यायचाच तर उठल्याबरोबर घ्यावा आणि तासाभराने खावे, किंवा खाऊन तासाभराने घ्यावा. कामावर जाणाऱ्या अब्बांना हे जमणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांचे फार बिघडत नाही. बिघडते ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे आणि तिच्या अम्मीचे.

क जीवनसत्त्वासाठी महागडी संत्री आणायला नको. शेजारच्या राहाता तालुक्याचा पेरू आपल्या बाजारात ढिगाने येतो आणि शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते. लिंबू तर आपल्या जिल्ह्याचेच पीक. श्रीगोंद्याचे लिंबू दूरदूर जाते आणि 'साई शरबती' ही जात आमच्याच तालुक्यातल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. एका लिंबाच्या रसात पंधरा-वीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व निघते. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने जाते. सालन चुलीवर उकळत असताना लिंबू पिळले तर चव येते, काम होत नाही. ताटात वाढल्यावर पिळावे. कोथिंबीरही वरून, कच्ची. चिंचेत क जीवनसत्त्व जवळपास नसतेच. तिच्या आंबटाचा लोहाला थोडा हात लागतो, पण चिंच घातली म्हणून लिंबू वगळू नये.

या हिशेबाने पाहिले तर आपल्या घरातला दालचा हा फार हुशार पदार्थ आहे. चण्याची डाळ, दुधी आणि थोडे गोश्त. गोश्ताचा गुण असा की त्याचे स्वतःचे लोह तर लागतेच, शिवाय त्याच जेवणातल्या डाळीचे आणि भाकरीचे लोहही ते ओढून घेते. त्यासाठी किलोभर मटण लागत नाही. पाच माणसांच्या दालच्याला पाव किलो हाडासकट पुरते. दीड वाटी चण्याची डाळ तीन तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे. कांदा, आले-लसूण, हळद, तिखट यांवर गोश्त परतून अर्धे शिजवावे, मग डाळ घालावी. डाळ मऊ झाली की दुधीच्या फोडी आणि मूठभर शेवग्याचा पाला. चिंचेचा कोळ शेवटी, कारण आंबट आधी पडले तर डाळ शिजत नाही. जिरे, लसूण आणि कढीपत्त्याचा बघार. ताटात लिंबू. सोबत भाताऐवजी बाजरीची भाकरी घेऊन पाहा. लग्नाच्या दावतीत कोणी देणार नाही, पण घरी छान लागते.

दालच्याबद्दल लिहिताना एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पातेल्यातल्या बोट्या कुणाच्या ताटात जातात? आधी पुरुष जेवतात, मग मुले, त्यातही मुलगे. सगळ्यांचे झाल्यावर अम्मी आणि मोठी मुलगी बसतात, तेव्हा पातेल्यात रस्सा आणि हाडे उरलेली असतात. कुणी मुद्दाम करत नाही, वाढणारी बाईच स्वतः तसे वाढते. आमच्या एका विद्यार्थिनीला परिपाठात चक्कर आली. तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात. घरी गोश्त होते का, विचारले तर म्हणाली, होते, पण मला आवडत नाही. दोन-तीनदा विचारल्यावर कळले की आवडत नाही म्हणायची सवय लागली होती, कारण भावांना पुरत नसे. तिच्या अम्मीला आम्ही बोलावले. बाई शहाणी होती. तिने दुसऱ्या दिवसापासून वाढण्याआधीच दोन वाट्या बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली, एक मुलीची आणि एक स्वतःची. डॉक्टरांची गोळी चालू होतीच. चार महिन्यांनी ती मुलगी खो-खोच्या संघात होती.

बकरी ईदला पहिल्यांदा कलेजी खाण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कलेजीत लोह, ब-12 आणि फोलेट भरपूर, तेव्हा त्या दिवशी तरी बायकांनी आपला वाटा सोडू नये. अपवाद गर्भवतीचा. कलेजीत अ जीवनसत्त्व इतके असते की गरोदरपणात, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, ती टाळलेली बरी. तिने साधे गोश्त खावे.

काही समजुती मात्र आता सोडायला हव्यात. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, हा रंगाचा भ्रम आहे. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. डाळिंबाचेही तेच. गुळात लोह आहे, पण सुपारीएवढ्या खड्यातून किती मिळणार? खजूर रोजा सोडताना लगेच ताकद देतो ते त्यातल्या साखरेमुळे, तीन खजुरांतले लोह अगदी थोडे. पालकात लोह असले तरी ऑक्झलेट त्याला धरून ठेवते. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा, त्यात लोहाबरोबर क जीवनसत्त्वही असते, आणि बहुतेक ठिकाणी तो फुकट मिळतो. लोखंडी तव्याला मात्र नावे ठेवू नका. इथिओपियात मुलांवर झालेला एक अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. लोखंडी भांड्यात शिजवलेले खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातले खाणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले. नॉनस्टिक तव्याने भाकरी सुटते छान, देत काही नाही.

बाजरीच्या बियाण्यातही आता फरक आहे. आमच्या कृषी विद्यापीठाच्या धुळे केंद्राने काढलेल्या 'फुले महाशक्ती' या संकरित वाणात किलोमागे सुमारे 87 मिलिग्रॅम लोह आहे, नेहमीच्या वाणांत 45 ते 50. ज्यांचे स्वतःचे शेत आहे त्यांनी पुढच्या पेरणीला घरापुरती का होईना विचारपूस करावी. बाजरीचे पीठ एकदम आठ दिवसांपलीकडचे दळू नये. ते लवकर कडवट होते, आणि कडू भाकरी एकदा खाल्लेले मूल पुन्हा बाजरीकडे बघत नाही.

थंडीत आपल्या भागात हुलग्याचे शेंगोळे होतात. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे आणि गव्हाचे पीठ मिसळले की धान्य आणि कडधान्य एकत्र येते. एकाच्या प्रथिनात जे कमी ते दुसरे भरून काढते. मुहर्रमच्या खिचड्यातही हेच घडते. दोन्हींवर लिंबू पिळावे. गाजर, भोपळा, पालेभाज्या यांतल्या अ जीवनसत्त्वाच्या पूर्वद्रव्याला तेल-तूप लागते, म्हणून गाजर कच्चे खाताना सोबत चार शेंगदाणे असावेत. याविषयी पुढे कधी सविस्तर लिहू.

रमजानचे वेगळे सांगायला हवे. त्या महिन्यात रोजेदार मुली शाळेत निळी गोळी घेऊ शकत नाहीत आणि पुष्कळदा ती गोळी वहीत तशीच राहते. अम्मींनी दर सोमवारी आठवणीने विचारावे. इफ्तारनंतर जेवण झाले की पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर गोळी द्यावी, दुधाबरोबर नाही आणि चहाबरोबर तर नाहीच. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नये. गर्भवतींना लोहाच्या आणि कॅल्शियमच्या अशा दोन्ही गोळ्या मिळतात, त्या एकाच वेळी घेऊ नयेत. एक दुपारी, एक रात्री. सेहरीचा शेवटचा घोट चहाचा असतो, तो जमल्यास उठल्याबरोबर घ्यावा आणि खाणे त्यानंतर जितके उशिरा जमेल तितके. नुसत्या अंदाजाने महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या खाऊ नका. हिमोग्लोबिन कमी असण्याची कारणे जंतांपासून थॅलेसेमियापर्यंत अनेक असतात, आणि थॅलेसेमियात डॉक्टरांना न विचारता लोह घेणे बाधू शकते. शाळेत वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी मुलांनी चुकवू नये.

इफ्तारसाठी अळिवाचे शरबत करून पाहा. (आमच्या एका सहकारी भगिनीने अळीव आणायला मुलाला पाठवले, तर तो हॉटेलातून हलीमचा डबा घेऊन आला. दोन्ही लोहाचेच, पण इथे बी हवे आहे.) दोन चमचे अळीव चार पेले पाण्यात असरच्या सुमारास भिजत घालावेत. मगरिबपर्यंत ते फुगून सब्जासारखे होतात. त्यात किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, थोडी सुंठ घालावी आणि पेल्यात ओतल्यावर प्रत्येक पेल्यात अर्धे लिंबू पिळावे. लहान मुलांना अर्धा पेला पुरे. गरोदर बाईने अळीव घेऊ नये, बाळंतिणीला चालतात.