रक्त येत नाही? मग जास्त काळजी घ्या!

सबमिशनच्या रात्री टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आपले दात एकदम ओके! ब्रश करताना थेंबभर रक्त येत नाही." बोलणाऱ्याच्या हातात सिगारेट असते आणि खरी गोची तिथेच आहे.

हिरड्यांचा आजार सहसा दुखत नाही. दातांवर जिवाणूंचा थर साचतो, हिरडी सुजते आणि ब्रश लागला की रक्त येतं. हे रक्त म्हणजे निसर्गाने लावलेला लाल दिवा. न ओढणारा माणूस ते बघून घाबरतो, डॉक्टरकडे जातो. ओढणाऱ्याच्या हिरडीतल्या रक्तवाहिन्या मात्र निकोटीनने आकसतात. रक्त कमी येतं, लाली दिसत नाही. आत दाताला धरून ठेवणारं हाड मात्र झिजतच असतं, तेही इतरांपेक्षा वेगाने. २०१८ साली जाहीर झालेल्या वर्गीकरणात तर, हा आजार असलेला माणूस दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी ओढत असेल, तर आजार झपाट्याने वाढणारा धरतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर इंजिनातलं ऑइल संपत आलंय आणि डॅशबोर्डच्या दिव्याची वायर कापलेली आहे. दिवा लागत नाही म्हणून गाडी ठीक, असं आपण म्हणू का?

पुढची गंमत बघा. सिगारेट सोडली की काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त जास्त येऊ शकतं. मग "ओढत होतो तेव्हाच बरा होतो" म्हणत स्वारी पुन्हा टपरीवर! अरे, तुटलेली वायर जोडली गेली म्हणून दिवा लागलाय!

उपचारांचंही तेच. "क्लिनिंग केलं की दात हलतात" म्हणे. हाड आधीच गेलेलं असतं, इतके दिवस दातांना साचलेल्या कीटाचा आधार होता. ओढणाऱ्यांना उपचाराचा गुणही कमी येतो, पण नावं ठेवली जातात डॉक्टरला, सिगारेटला नाही. गावाकडे "मिश्रीने दात घट्ट होतात" म्हणतात. ती भाजलेली तंबाखूच! त्यांना आपण अडाणी म्हणतो, मग आपलं लॉजिक वेगळं काय?

माझं मत स्पष्ट आहे. पाकिटावरचं कॅन्सरचं चित्र बघून कोणी थांबत नाही, कारण कॅन्सर लांबचा वाटतो. त्यापेक्षा रेक्टर सरांनी होस्टेलच्या मेडिकल चेकअपला दातांचा डॉक्टरही बोलवावा. बारीक खुणांच्या सळईने तो दात आणि हिरडीमधली खोली मोजतो. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक, त्याहून जास्त म्हणजे लक्ष द्या. आणि डॉक्टरने विचारलं तर किती ओढता ते खरं सांगा, तिथे व्हायवासारख्या थापा नकोत.

आपण इंजिनिअर होणार आहोत. अंदाजावर नाही, रीडिंगवर विश्वास ठेवूया. रक्त न येणं हे सर्टिफिकेट नव्हे!