अपात्र कोण ठरविणार?

जुन्या लॅपटॉपवर नवी कार्यप्रणाली चढविणाऱ्या मनुष्याकडे सध्यां कांहींशा संशयानें पाहिलें जातें. 'कंपनी नाहीं म्हणते ना? मग हा खटाटोप कशाला? नवें यंत्र घ्यावें,' असा उपदेश त्याला मिळतो. उपदेशकांचा हेतु शुद्ध असेल. पण त्यांनीं एक गोष्ट गृहीत धरली आहे. यंत्र केव्हां निरुपयोगी झालें हें ठरविण्याचा अधिकार विकणाराचा, घेणाराचा नव्हे, हें तें गृहीत. तें तपासल्यावांचून स्वीकारण्यास आम्ही तयार नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीस दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्या दिवशीं यंत्रें बंद पडलीं नाहींत. प्रणालींत पुढें सांपडणारीं छिद्रें बुजविण्याचें नित्याचें काम तेवढें थांबलें. घरगुती ग्राहकांसाठीं एक वर्षाची मुदतवाढ ठेवली, ती युरोपीय आर्थिक क्षेत्रांत फुकट. इतरत्र ३० डॉलर, कंपनीचे बक्षीस-गुण, अथवा आपल्या मांडणीची प्रत कंपनीच्या खात्यांत ठेवणें, यांपैकीं एक मोबदला. विंडोज ११ करितां मात्र टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठराविक यादींतला प्रोसेसर लागतो. इंटेलची यादी बहुतांशीं आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासून, सुरू होते.

'बहुतांशीं' म्हणण्यास कारण आहे. सातव्या पिढींतला कोअर आय७-७८२०एचक्यू हा प्रोसेसर २०२१ सालीं कांहीं निवडक यंत्रांपुरता यादींत घेतला गेला, आणि त्या यंत्रांत कंपनीचें स्वतःचें सरफेस स्टुडिओ २ होतें. कारण ड्रायव्हरांच्या नव्या पद्धतीचें सांगण्यांत आलें. असेलही तें खरें. पण घरच्या लेकराला पंक्तींत पाट मिळावा आणि त्याच वयाचीं शेजाऱ्यांचीं लेकरें उंबऱ्याबाहेर राहावीं, हें दृश्य पाहून निवाडा निव्वळ शास्त्राचा आहे असें कोण मानील?

सुखवस्तु घरांत हा वाद करमणुकीचा असेल. बीड जिल्ह्यांत तो पोटाशीं येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ज्या जिल्ह्यांतून लाखों माणसें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात, ज्यांच्या वर्षाचा हिशेब मुकादमाच्या उचलीनें सुरू होतो, तेथें मुलाच्या हातीं आलेला लॅपटॉप बहुधा कोणीतरी आधीं वापरलेला असणार. त्यावरच तो अभ्यास करतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. त्याच्या बापाला 'नवा घ्या' म्हणणें म्हणजे 'आणखी एक उचल घ्या' म्हणणें होय.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा खरा आहे. टीपीएम ही चिप सांकेतिक किल्ल्या वेगळ्या ठिकाणीं जपते व तिनें यंत्राची सुरक्षितता वाढते. परंतु गरिबापुढें निवड चिप असलेल्या व नसलेल्या यंत्रांमध्यें नाहींच. ती छिद्रें उघडीं राहिलेल्या जुन्या प्रणालींत व बुजविल्या जाणाऱ्या नव्या प्रणालींत आहे. शिवाय रजिस्ट्रीतील एक नोंद बदलून अपात्र यंत्रावर विंडोज ११ चढविण्याची रीत कंपनीनेंच २०२१ मध्यें प्रसिद्ध केली होती. पुढें ती काढून टाकली. जें काल स्वतः सांगितलें, तें आज करणारा अडाणी कसा?

तथापि या वाटेनें जाणारानें डोळे उघडे ठेवावेत. अशा यंत्रांना पुढील दुरुस्त्या मिळण्याचें वचन कंपनी देत नाहीं. २०२४ च्या आवृत्तीपासून फारच जुने प्रोसेसर, आवश्यक आज्ञा नसल्यामुळें, चालतच नाहींत. आपल्या कागदपत्रांची प्रत निराळी ठेवावी हें उत्तम. जो दुकानदार हें गिऱ्हाइकास न सांगतां प्रणाली चढवून पैसे घेतो, तो फसवणूकच करतो. ज्याला ही अनिश्चितता नको, त्याला लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. केरळच्या सरकारी शाळांनीं मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षें मुलें शिकविलीं आहेत.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं पंचीकरण पसोडीवर लिहिलें. अंगावर घेण्याचें जाडेंभरडें कापड ग्रंथ होऊं शकतें, हें याच जिल्ह्यानें शतकांपूर्वीं पाहिलें आहे. तें कापड त्या कामास पात्र आहे काय, असें विणकरास विचारण्याची कोणास गरज भासली नसावी. वस्तूची योग्यता तिच्याकडून होणाऱ्या कामावरून ठरते.

आमची मागणी लहान आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेले ई-कचऱ्याचे नियम उत्पादकावर पुनर्वापराची जबाबदारी टाकतात. म्हणजे यंत्र मेल्यानंतरची क्रिया कोणी करावी तें सांगतात. चालत्या यंत्राला मेलेलें ठरविणाराविषयीं कोण बोलणार? युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून मोबाइल व टॅब्लेट यांच्यासाठीं, विक्री थांबल्यावरही पांच वर्षें सुधारित आवृत्त्या उपलब्ध ठेवण्याचें बंधन घातलें. लॅपटॉप त्यांत नाहीं. आपल्याकडे औषधाच्या बाटलीवर मुदत छापावी लागते. लॅपटॉपच्या खोक्यावरही दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील तें छापण्याची सक्ती करावी. मग ज्याला तें पटेल तो घेईल, न पटेल तो दुसरें पाहील. किंमत आधीं घ्यावयाची आणि आयुष्य मागाहून सांगावयाचें, या व्यापाराला सौदा हें नांव शोभत नाहीं.