कुरतडलेल्या पानांची बाजू

साताऱ्यात दर वर्षी १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. १९९९ पासून हा उपक्रम चालत आला आहे. चित्रकार कुंचले घेऊन येतात, कवी कविता वाचतात, आणि भर वैशाखात एका झाडाचे कौतुक करण्यासाठी माणसे घराबाहेर पडतात. झाडासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवणारे गाव आपले आहे, याचा आम्हांस अभिमानच वाटत आला आहे. अलीकडे मात्र त्या अभिमानास एक बारीकशी टोचणी लागली आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भारतात तो एकोणिसाव्या शतकात आला. ज्या गावापासून कासचे पठार अवघ्या पंचवीस किलोमीटरांवर आहे, ज्याचे नाव वायतुऱ्यासारख्या एका चिमुकल्या पाणवनस्पतीने ‘ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस’ या शास्त्रीय नामातून जगभर नेले, त्या गावाने उत्सवासाठी निवडलेले झाड समुद्रापलीकडचे असावे, ही गंमत म्हणावी की खंत, हे आम्हांस अजून ठरवता आलेले नाही.

गुलमोहरावर खटला भरण्याचा आमचा विचार नाही. आमच्या फाटकाशीच एक जुना गुलमोहर आहे आणि त्याच्या सावलीचे ऋण आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न गुलमोहराहून त्याच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांशी अधिक निगडित आहे. बाग म्हणजे डोळ्यांना सुखावणारी वस्तू, एवढीच व्याख्या आपण स्वीकारली आहे काय?

हा प्रश्न आमच्या मनात आणला तो एका लिंबोणीने. दोन पावसाळ्यांपूर्वी अंगणातल्या या कोवळ्या झाडाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काही ठिपके दिसू लागले. नीट पाहिले तेव्हा त्या अळ्या निघाल्या. पुढे त्या हिरव्या झाल्या, फुगल्या आणि निम्मे झाड त्यांनी फस्त केले. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, “अहो, झाड खाल्लं की सगळं! औषध देतो आणून, दोन दिवसांत साफ.” आम्ही नको म्हटल्यावर त्यांनी जो चेहरा केला, तो आजही आठवतो. घरात ढेकूण पाळणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे ते आमच्याकडे पाहत होते. नंतर काही अळ्या बुलबुलांनी नेल्या, काहींच्या अंगातून गांधीलमाशीच्या जातीचे परोपजीवी कीटक बाहेर पडले, आणि उरलेल्या दोन-तीन कोषांतून पिवळ्या-काळ्या नक्षीची फुलपाखरे निघाली. लिंबोणीने महिनाभरात पुन्हा पाने फोडली. त्याच काळात आमच्या कुंपणाच्या दुरंताला मात्र एकही छिद्र पडले नव्हते. पाहुणे त्या दुरंताची स्तुती करून गेले.

एकही पान न कुरतडलेले झाड पाहिले की आपण त्यास निरोगी म्हणतो. त्याचा दुसरा अर्थ असाही असू शकतो, की त्या झाडावर इथल्या कोणाचेच पोट नाही. पाने खाणारे बहुतेक कीटक ठरावीक कुळांतील वनस्पतींवरच जगू शकतात, कारण झाडांची विषे पचवण्याची कला त्यांनी हजारो पिढ्यांच्या सहवासातून मिळवलेली असते. आपल्या राज्याचे फुलपाखरू म्हणून २०१५ साली घोषित झालेले नीलवंत घ्या. त्याची अळी लिंबू, बेल, माकडलिंबू यांच्या कुळातील पानांवरच वाढते. बहाव्यावर पांढरट-पिवळी भिरभिरी वाढतात, रुईवर वाघ्या फुलपाखरू वाढते. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी दाखवून दिले आहे, की तिकडचा चिकडी नावाचा चिमणीहून लहान पक्षी आपली एका वेतातील पिल्ले घरट्याबाहेर पडेपर्यंत सहा ते नऊ हजार अळ्या चारतो. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या आसपासच्या घरगुती बागांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या बागांत देशी वनस्पतींचे प्रमाण ७० टक्क्यांहून कमी होते, तिथे या पक्ष्याला आपली संख्या टिकवण्यापुरती पिल्ले वाढवता येत नव्हती. दाणे टिपणारी आपली चिमणीही पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. चिमण्या नाहीशा झाल्या म्हणून हळहळणारे आणि अळी दिसताच फवारा उचलणारे लोक पुष्कळदा एकाच घरात राहतात.

आता ‘देशी’ म्हणजे काय, हे ठरवताना फार घोटाळा होतो. भारतात उगवते ते देशी, असे म्हणून चालत नाही. आमच्या एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपासच. तीच कोरडी पट्टी पुढे सांगली जिल्ह्यात आटपाडी आणि जतकडे जाते. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळ याच आटपाडी तालुक्यातले. त्या माणदेशाचे देशीपण बोर, बाभूळ, हिवर, तरवड यांत आहे. ते कासच्या सड्यावर नाही आणि कोयनेच्या रानातही नाही. जतमध्ये बंगला बांधणाऱ्याने ‘देशी वृक्ष’ म्हणून नागचाफा लावला, तर तो त्याच्या दृष्टीने मादागास्करच्या झाडाइतकाच परका आहे. ‘नक्षत्रवना’ची हौस आम्हांस म्हणूनच खटकते. आश्लेषेचा नागचाफा आणि पूर्वाषाढेचा वेत एकाच गुंठ्यात एकाच नळाच्या पाण्यावर वाढवायचे, यात भक्ती असेल, पण भूगोल नाही.

उलट टोकाचा मोह कासचा. सप्टेंबरात पठार पाहून आलेल्या कोणालाही वाटते, की यातले एखादे रोप घरी न्यावे. नेऊ नये. ती फुले जांभ्या खडकावरच्या वितभर मातीची, चार महिन्यांच्या पाण्याची आणि आठ महिन्यांच्या होरपळीची लेकरे आहेत. कुंडीतल्या शेणखतात ती जगत नाहीत, आणि तिकडे एक खड्डा तेवढा उरतो. कंदीलपुष्पांसारख्या दुर्मिळ वनस्पती वाढवून पुन्हा रानात नेण्याचे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केले. ते त्या शास्त्राच्या जाणकारांचे काम आहे, रविवारच्या सहलीचे नव्हे.

मग घरमालकाने काय लावावे? रोपवाटिकेत जाऊन पाहावे, तर तिथे हा प्रश्नच शिल्लक नसतो. पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेच्या रोपवाटिकांतील बराच माल आंध्रातील कडियमहून मालमोटारींनी येतो. त्यामुळे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत बंगल्यापुढची बाग एकाच वहीतून नक्कल केल्यासारखी दिसते: अरेका पाम, दुरंता, मेक्सिकन हिरवळ आणि भिंतीलगत ‘अशोका’ची रांग. तो अशोकही खरा अशोक नव्हेच, तो आसुपालव. केशरी फुलांचा सीतेचा अशोक मागितला, तर रोपवाटिकेतला मुलगा हमखास उंच सरळ आसुपालवच पुढे करतो. बहावा, तामण, करंज यांची रोपे सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत अल्प दरात मिळतात, पण तिथवर जाणारा विरळा.

आमच्या मते साताऱ्याच्या अंगणास बहावा, प्राजक्त, कुंती, कढीपत्ता पुरेसे आहेत. कुंपणास अडुळसा आणि निर्गुडी लावावी, आणि जागा असेल तर एका कोपऱ्यात धायटी. उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या लालबुंद फुलांवर शिंजिर पक्ष्यांची जी झुंबड उडते, ती कोणत्याही कारंज्याहून देखणी असते. वाघाटीचा वेल चढवता आला तर दुहेरी लाभ, कारण त्याच्या पानांवर फुलपाखरे वाढतात आणि आषाढीच्या द्वादशीस भाजीचे फळ घरचे मिळते. वड-उंबर मात्र घराला खेटून लावू नयेत. हरियाल त्यांच्या फळांवर येतो हे खरे, पण मुळे पाया उखडतात हेही खरेच. ती झाडे गावाने सांभाळावीत.

यावर एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिकेचा, ठेच्यातली मिरचीही तिकडचीच. पानफुटी मादागास्करची असूनही तिच्यावर आपले एक चिमुकले फुलपाखरू खुशाल वाढते. तेव्हा ‘परके हटवा’ असली घोषणा झाडांच्या बाबतीतही आम्हांस नको आहे. माणसांच्या बाबतीत तिने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. झाडास त्याच्या जन्मगावाचा दाखला विचारण्यापेक्षा, तुझ्याकडे कोण जेवायला येते, हे विचारावे. गुलमोहराकडे येतात, पण फार थोडे. घाणेरी आणि पिवळा कॉसमॉस यांच्यावर फुलपाखरे मध प्यायला येतात, हेही खरे; परंतु ती कुंपण ओलांडून डोंगरावर पसरतात आणि तिथल्या गवता-फुलांची जागा बळकावतात. तेव्हा पाहुणा किती जागा व्यापतो, हाही प्रश्न उरतोच.

आमचे आजोळ सांगलीला, कृष्णाकाठी. तिथे घरापुढे बाग अशी नव्हतीच. मागे परस होते. मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ, कडेला शेवगा, विहिरीशी कढीपत्ता आणि सगळ्यांवर छाया धरणारा एक करंज. आजी पानांची भोके पाहून कधी हळहळल्याचे आम्हांस स्मरत नाही. खाल्लेले पान ती खुडून टाकी आणि चांगले भाजीत घाली. पुढे मामांनी परस मोडून हिरवळ केली, दुरंताच्या कडा कातरल्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या अंगणात आठवडाभर पाणी राहिले. ओसरल्यावर हिरवळीच्या जागी काळा दुर्गंधीयुक्त चिखल होता आणि दुरंता मुळापासून कुजला होता. करंजाच्या बुंध्यावर गाळाची रेघ तेवढी उमटली होती. वर पाने तशीच होती. मामा म्हणाले, “आता परत हिरवळ करायची म्हणजे लाखभर रुपये.” मामी म्हणाल्या, “अळू लावा की!” अळू लावले नाही. फरशी घातली गेली.

खरी अडचण आवडीची आहे. देशी बाग बारा महिने हिरवी राहत नाही. बहावा पाने गाळतो, धायटी वेडीवाकडी वाढते, तरवडावर धूळ साचते, आणि पाचोळा रोज झाडून पेटवून दिला तर मातीतल्या अर्ध्या सृष्टीचाच निकाल लागतो. ग्रीष्मातले उजाडपण हे इथल्या निसर्गाचे एक रूप आहे, हे आपल्या साहित्याने पुष्कळदा सांगितले. आपल्या बागांनी अद्याप ऐकलेले नाही. गुलमोहर दिनी कविता वाचणाऱ्यांनी पुढच्या मे महिन्यात थोडे पलीकडे पाहावे, अशी आमची विनंती आहे. त्याच दिवसांत बहावाही फुललेला असतो आणि तामणही. तामण तर आपल्या राज्याचे फूल. त्यांच्यासाठी वेगळा दिवस नको, त्याच दिवशी त्यांच्याखालीही एखादी सतरंजी अंथरली तरी पुष्कळ.

आम्ही आमचा गुलमोहर तोडलेला नाही. गेल्या जूनमध्ये त्याच्यापासून बारा हातांवर बहाव्याचे रोप लावले. शेंगेतले बी गरम पाण्यात भिजवून घरीच उगवलेले. श्रावणात त्याला जेमतेम नऊ पाने होती, त्यांपैकी चार कुरतडलेली. शेजारच्या काकांनी कुंपणावरून पाहिले. औषधाचे नाव त्यांनी या वेळी काढले नाही, एवढेच विचारले, “कुठलं फुलपाखरू होईल हो यातून?”